चूकभूल द्यावी घ्यावी

मराठीत 'भूल' या शब्दाला निदान दोन अर्थ आहेत. एक म्हणजे चूक, विसर. दुसरा म्हणजे ऑपरेशनच्या आधी डॉक्टर देतात ती. पहिल्या अर्थाची भूल आपण हिशेबाच्या तळाशी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं लिहून निकालात काढतो. पण दुसऱ्या अर्थाची भूल देताना पहिल्या अर्थाची भूल झाली, तर देण्याघेण्याला माणूसच उरत नाही.

घरी फोन केला की कोणाच्या ना कोणाच्या ऑपरेशनची बातमी असतेच. कोणाचा हर्निया, कोणाचं पित्ताशय, कोणाचं खुब्याचं हाड. आणि त्यात हमखास येणारं वाक्य म्हणजे, "ऑपरेशनचं काही नाही रे, भुलीचीच भीती वाटते." काका म्हणतात, मावशी म्हणते, शेजारचे आजोबा म्हणतात. ही भीती खुळी म्हणून उडवून लावू नये. शंभरएक वर्षं ती अगदी रास्त होती. आज ती पुष्कळशी निराधार झाली आहे. ती कशी झाली, याची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही, माझं शिक्षण आणि पोटपाणी दोन्ही यंत्रांवर चालतं. पण या गोष्टीत मोक्याच्या जागी इंजिनियर येतात, म्हणून लिहायचं धाडस करतो.

सुरुवात बॉस्टनपासून. इथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर घुमटाखाली एक छोटं सभागृह आहे. त्याला 'ईथर डोम' म्हणतात. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी इथे विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने गिल्बर्ट ॲबट या रुग्णाला ईथरची वाफ हुंगवली आणि जॉन कॉलिन्स वॉरन या सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. ॲबट ओरडला नाही. आज हे वाक्य साधं वाटतं, पण त्या दिवसापर्यंत ऑपरेशन म्हणजे चार धट्टेकट्टे लोक रुग्णाला दाबून धरणार आणि सर्जन जमेल तितक्या झपाट्याने कापणार असा प्रकार होता. सर्जनची कीर्ती त्याचा हात किती सेकंदांत चालतो यावर ठरायची. (क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने जॉर्जियात १८४२ सालीच ईथर वापरलं होतं, पण छापलं १८४९ साली. तोवर श्रेय बॉस्टनला गेलं होतं. संशोधनात 'छापलं कोणी आधी' हे तेव्हाही होतंच!)

वर्षभरात, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबराच्या जेम्स यंग सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं. ईथरने खोकला येतो, वास उग्र, शिवाय पेट घेण्याची भीती. क्लोरोफॉर्म गोडसर वासाचं, थोडंसं पुरतं, चटकन काम करतं. रुमालावर ओतलं, नाकाशी धरलं, की झालं. डॉक्टर खूश, रुग्ण खूश.

तीन महिनेही झाले नव्हते. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ विन्लेटन गावात हॅना ग्रीनर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. नख! आधी दुसऱ्या एका नखासाठी तिला ईथर दिलं होतं आणि ते व्यवस्थित पार पडलं होतं. या वेळी घरीच, खुर्चीत बसवून, फडक्यावर क्लोरोफॉर्म दिलं. मुलगी फार घाबरलेली होती. दोन-तीन मिनिटांत ती गेली. क्लोरोफॉर्मने झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू.

आणि लगेच सुरू झाला तो वाद, जो अशा प्रत्येक मृत्यूनंतर आजही सुरू होतो. दोष कोणाचा? सिम्पसन म्हणाला, क्लोरोफॉर्मचा नाही, तिला शुद्धीवर आणायला ब्रँडी पाजली त्याने ती गुदमरली. दुसरे म्हणाले, औषधच विषारी. तिसरे म्हणाले, डॉक्टरला देता आलं नाही.

या गदारोळात एक माणूस शांतपणे मोजत बसला होता. जॉन स्नो. लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून कॉलरा पसरतो हे १८५४ साली दाखवणारा तोच हा स्नो. त्याचा रोजचा व्यवसाय भूल देण्याचा होता. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यानेच दिलं. स्नोने क्लोरोफॉर्मच्या पन्नास मृत्यूंची हकिगत गोळा केली आणि त्याच्या लक्षात आलं की खरा प्रश्न वाफेच्या प्रमाणाचा आहे. रुमालावर ओतलं की हवेत किती टक्के वाफ जाते याला काही धरबंध नाही. खोली गरम असेल तर जास्त, थंड असेल तर कमी. म्हणून त्याने वाफेचं प्रमाण आटोक्यात ठेवणारं उपकरण बनवलं. पण उपकरण सांभाळणं कटकटीचं, आणि रुमाल प्रत्येकाच्या खिशात. स्नो १८५८ साली पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, त्याचं पुस्तक त्याच्या मागे छापलं गेलं. डॉक्टर रुमालच वापरत राहिले.

इथून गोष्ट आपल्या दख्खनमध्ये येते. क्लोरोफॉर्मने माणूस नेमका कसा मरतो यावर विलायतेत दोन पंथ पडले होते. लंडनकडचे म्हणत, हृदय अचानक बंद पडतं, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबराकडचे म्हणत, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासाकडे बघा, नाडीकडे बघायची गरजच नाही. एडिंबराला शिकलेला एडवर्ड लॉरी हा हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन होता (आपला मराठवाडा त्या वेळी याच निजामाच्या संस्थानात). आपलं म्हणणं सिद्ध करायला त्याने १८८८ साली आयोग बसवला, कुत्र्यांवर प्रयोग केले आणि जाहीर केलं की श्वास आधी थांबतो. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाला ते पटलं नाही. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी पैसे देऊ केले आणि लॅन्सेटने लॉडर ब्रंटन या नामांकित डॉक्टरला हैदराबादला पाठवलं. १८८९ सालच्या या दुसऱ्या आयोगात कुत्री, माकडं, घोडे, बकऱ्या अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. ब्रंटन आला होता हृदयाच्या बाजूने आणि गेला श्वासाच्या बाजूने. निष्कर्ष: क्लोरोफॉर्म हृदयावर थेट घाला घालत नाही, श्वासाकडे लक्ष ठेवलं की झालं.

खर्च झाला, कष्ट झाले, प्राणी मेले, आणि निष्कर्ष चुकला!

कसा चुकला ते कळायला १९११ साल उजाडावं लागलं. गुडमन लेव्ही नावाच्या डॉक्टरने मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की क्लोरोफॉर्म हलकं असताना, म्हणजे गुंगी अजून पुरती चढलेली नसताना, अंगात ॲड्रिनॅलिन उसळलं तर हृदयाची लय बिघडते, ते नुसतं थरथरू लागतं आणि रक्ताभिसरण थांबतं. ॲड्रिनॅलिन केव्हा उसळतं? माणूस घाबरला की. म्हणजे घाबरलेली पोर, खुर्चीत बसलेली, नुकतंच फडकं नाकाशी लावलेलं. हॅना ग्रीनरच्या बाबतीत नेमकं असंच झालं असणार. हैदराबादेत मात्र प्राण्यांना श्वास थांबेपर्यंत भरपूर क्लोरोफॉर्म दिलं होतं. खोल गुंगीत श्वासच आधी थांबतो, त्यामुळे जे शोधायचं होतं ते त्या प्रयोगांत दिसणंच कठीण होतं. दोन्ही पंथ आपापल्या परीने खरे होते. प्रयोगाची मांडणीच अशी की उत्तर आधीच ठरलेलं. आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ही गोष्ट दर वर्षी एकदा वाचायला लावली पाहिजे.

विसाव्या शतकात औषधं सुधारत गेली. १९४२ साली माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथने क्युरारे वापरलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावत ते विष. याने स्नायू सैल पडतात, सर्जनला पोट उघडणं सोपं जातं. पण श्वासाचे स्नायूही सैल पडतात, म्हणजे आता रुग्णाचा श्वास पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात. १९५६ साली हॅलोथेन वापरात आलं, ते पेट घेत नाही. औषध सुधारलं की धोका गेला असं प्रत्येक वेळी वाटायचं, आणि प्रत्येक वेळी धोका दुसऱ्या दाराने आत यायचा.

एक दार तर आपल्या घरच्या लोकांच्या ओळखीचं आहे. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात आणि आपल्याकडे कोणीतरी मायेने म्हणतं, "घोटभर चहा घ्या हो, कोणाला कळतंय!" ही माया जीवघेणी आहे. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या डॉक्टरने १९४६ साली एक अभ्यास छापला. ४४,०१६ गरोदर बायकांच्या नोंदी तपासून त्याला भूल दिलेली असताना पोटातलं फुप्फुसात गेल्याची ६६ प्रकरणं सापडली. त्यांतल्या दोन बायका न पचलेल्या अन्नाने गुदमरून मेल्या. बाकीच्यांपैकी पुष्कळजणींच्या फुप्फुसांना पोटातल्या आम्लाने इजा केली. जागेपणी ठसका लागून आपण वाचतो. भुलीत ठसका लागत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. आता साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं असं मानतात, पण दूध पोटात अन्नासारखंच रेंगाळतं, त्यामुळे दुधाच्या चहाला सहा तासांचा नियम लागतो. तुमचे डॉक्टर सांगतील ती वेळ पाळा, आणि चुकून काही खाल्लं असेल तर लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकलणं स्वस्तात पडतं.

१९५४ साली हार्वर्डचे बीचर आणि टॉड यांनी पहिल्यांदा मोठा हिशेब मांडला. अमेरिकेतली दहा हॉस्पिटलं, १९४८ ते १९५२, एकूण ५,९९,५४८ भुली. त्यात भुलीचा हात असलेले मृत्यू किती? दर १,५६० मध्ये एक. म्हणजे आपल्या काका-मावशींच्या पिढीने लहानपणी जी भीती ऐकली, तिला हा आधार होता. एखाद्या तालुक्याच्या गावात असा एखादा मृत्यू प्रत्येकाला ठाऊक असणारच.

याच काळातली मेलबर्नची एक गोष्ट मला फार आवडते. १९६० साली एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा गाडीच्या धक्क्याने पाय मोडला. त्याला पायापेक्षा भुलीची जास्त भीती वाटत होती. का? तर त्याच्या नात्यातली दहा माणसं ईथरच्या भुलीने गेली होती. अशा वेळी "काही होत नाही हो" म्हणून खांद्यावर थाप मारायची रीत असते. पण मायकेल डेनबरो या डॉक्टरने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. ईथर टाळून हॅलोथेन दिलं, तरी दहाएक मिनिटांत त्याचा रक्तदाब उतरला, अंग तापून लाल झालं. डॉक्टर सावध होते म्हणून त्यांनी भूल लगेच थांबवली, बर्फ लावला आणि मुलगा वाचला. मग घराण्याची वंशावळ काढली तेव्हा हा आनुवंशिक दोष असल्याचं दिसलं. यात भुलीचे काही वायू लागले की स्नायूंमध्ये कॅल्शियमचा पूर सुटतो, स्नायू कडक होतात आणि शरीर भट्टीसारखं तापतं. याला 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया' म्हणतात. यावरचा उतारा डँट्रोलीन. दक्षिण आफ्रिकेत गेसफर्ड हॅरिसनने तो १९७५ साली डुकरांवर सिद्ध केला. हा दोष अगदी विरळा आहे, आणि तो माहीत असेल तर सुरक्षित असलेली दुसरी भूल देता येते. पण माहीत कसा होणार? "आमच्या चुलत्यांना भुलीत काहीतरी झालं होतं" हे कोणी सांगितलं तरच.

आता येतात इंजिनियर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. चौकशीत दरवेळी निष्कर्ष निघायचा: 'वैमानिकाची चूक'. अल्फान्स शॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं. चाकं आत घ्यायचा आणि पंखाची झडप हलवायचा असे दोन दांडे शेजारी शेजारी, आणि हाताला सारखेच लागणारे. दमलेला वैमानिक झडपेऐवजी चाकं आत घ्यायचा. शॅपॅनिसने चाकाच्या दांड्याला छोटं रबरी चाक बसवलं आणि झडपेच्या दांड्याला पाचरीसारखा तुकडा. अपघात थांबले. वैमानिक तेच होते, दांडे बदलले होते.

१९७०च्या दशकात जेफ्री कूपर नावाचा केमिकल इंजिनियर मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भूल विभागात कामाला होता. हो, तेच ते ईथर डोमवालं हॉस्पिटल. त्याने विमानदलाची पद्धत उचलली. ४७ भूलतज्ज्ञांना बसवून विचारलं, "तुमच्या हातून किंवा तुमच्यासमोर असं काय घडलं, की जे टळू शकलं असतं?" नावं गुप्त, शिक्षा नाही. ३५९ घटना जमल्या. १९७८ साली कूपर आणि सहकाऱ्यांनी ते छापलं. ८२ टक्के घटनांत माणसाची चूक होती, यंत्र सरळ सरळ बिघडल्याच्या घटना फक्त १४ टक्के. श्वासाची नळी निसटली आणि लक्षात आलं नाही. एकाऐवजी दुसरी सिरिंज उचलली. नॉब फिरवताना ऑक्सिजनऐवजी दुसरा वायू कमी-जास्त झाला.

८२ टक्के माणसाची चूक म्हटल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया काय होते? माणसं बदला, ओरडा, सस्पेंड करा. कूपरने उलटा प्रश्न विचारला. ही चूक करणं इतकं सोपं का आहे? नळी निसटली तर ओरडणारी घंटा का नाही? काही यंत्रांत नॉब उजवीकडे फिरवला की वायू वाढतो आणि काहींत कमी होतो, तर मग गोंधळणाऱ्या माणसाचा काय गुन्हा? थोडक्यात, हिशेबाच्या तळाशी नुसतं चूकभूल द्यावी घ्यावी न लिहिता त्याने चुकांचंच खातं उघडलं.

तरी लगेच काही बदललं नाही. मग १९८२ साली एबीसी या वाहिनीवर भुलीतल्या मृत्यूंवर एक कार्यक्रम झाला आणि देशभर खळबळ उडाली. शिवाय भूलतज्ज्ञांवर कोर्टात दावे लागत होते, त्यांच्या विम्याचे हप्ते वाढत चालले होते. (सुधारणा फक्त सद्बुद्धीने होत नाही, खिशालाही लागावं लागतं.) भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष एलिसन पिअर्स यांनी कूपरसारख्यांना हाताशी धरलं आणि १९८५ साली रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी वेगळी संस्था उभी राहिली. १९८६ साली हार्वर्डच्या हॉस्पिटलांनी नियम छापले. त्यातला पहिला नियम वाचून हसावं की रडावं कळत नाही: भूल दिलेली असताना भूल देणाऱ्याने पूर्ण वेळ खोलीत हजर असलं पाहिजे. दुसरा, रक्तदाब आणि नाडी दर पाच मिनिटांनी तरी बघितलीच पाहिजे. नळी निसटल्याची घंटा हवी, ऑक्सिजन मोजणारं यंत्र हवं. त्याच वर्षी देशभरच्या संघटनेने असे नियम स्वीकारले. यंत्रंही बदलली. ऑक्सिजनचा नॉब हाताला वेगळा लागेल असा झाला. ऑक्सिजन ठरावीक प्रमाणाखाली जाऊच शकणार नाही अशी कुलपं आली. एका वायूचं सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसूच नये म्हणून खुंट्यांची रचना त्याआधीच आली होती.

आणि याच काळात आलं ते यंत्र, जे कोरोनाच्या लाटेत आपल्याकडे घरोघरी पोचलं. बोटाला लावायचा चिमटा. पल्स ऑक्सिमीटर! त्यापूर्वी रुग्णाला ऑक्सिजन कमी पडतोय हे ओठ-नखं निळी पडण्यावरून ओळखायचे, आणि तज्ज्ञांचे डोळेही यात फसतात हे १९४७ सालीच दाखवून झालं होतं. जपानच्या निहॉन कोहडेन कंपनीतला इंजिनियर ताकुओ आओयागी हा खरं तर वेगळंच मोजत होता. रक्तात रंग सोडून, कानातून प्रकाश पार करून हृदय किती रक्त फेकतं ते त्याला मोजायचं होतं. पण नाडीच्या ठोक्यांमुळे आलेखात सारखे चढउतार यायचे. ते घालवायच्या खटपटीत त्याच्या लक्षात आलं की हे चढउतार फक्त धमनीतल्या रक्ताचे आहेत. कातडी, हाडं, शिरांमधलं रक्त, सगळं स्थिर. धडधडतं ते फक्त धमनीतलं. मग तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश वापरून या चढउतारांची तुलना केली की रक्तात ऑक्सिजन किती ते निघतं. जो गोंगाट काढून टाकायचा होता, त्यातच उत्तर होतं. हे १९७४ सालचं. १९८०च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी ते वापरायला सुटसुटीत केलं. ठोक्याबरोबर 'टिक' वाजतं आणि ऑक्सिजन उतरला की सूर खाली येतो. डॉक्टरला पडद्याकडे बघायचीही गरज नाही, कान सांगतात. त्याच्या जोडीला उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आलं. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर ते काही क्षणांत सांगतं. पूर्वी ही एकच चूक कितीतरी जणांना घेऊन गेली होती.

मात्र या चिमट्यालाही डोळसपणेच वापरलं पाहिजे. सावळ्या कातडीवर तो ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० साली अमेरिकेत छापलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये असा लपलेला ऑक्सिजनचा तुटवडा गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा सापडला. आपल्या रंगाच्या लोकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग एवढं करून फरक किती पडला? २०१२ साली लॅन्सेटमध्ये (हो, तेच हैदराबादवालं) ८७ अभ्यास एकत्र करून हिशेब आला. निव्वळ भुलीमुळे होणारे मृत्यू १९७० पूर्वी दर दहा लाखांत ३५७ होते, १९७०-८०च्या दशकांत ५२, आणि नंतर ३४. मधल्या काळात रुग्ण मात्र अधिक म्हातारे आणि अधिक आजारी होत गेले. पूर्वी ज्यांना टेबलावर घ्यायची कोणाची छाती झाली नसती, त्यांची ऑपरेशनं होऊ लागली. याच हिशेबात हेही होतं की श्रीमंत देशांत ही घट जास्त झाली, गरीब देशांत कमी. औषधं तर सगळीकडे पोचतात. घंटा, चिमटा आणि खोलीत पूर्ण वेळ बसलेला माणूस पोचायला वेळ लागतो.

"उठणार का?" हा प्रश्न असा मागे पडला. पण "नंतर त्रास होणार का?" हा राहतोच, आणि त्याचं उत्तर 'हो, थोडाफार' असं आहे. शुद्धीवर आल्यावर हुडहुडी भरते. नळीमुळे घसा खवखवतो. साधारण तीनांतल्या एका रुग्णाला मळमळ किंवा उलटी होते. बायका, ज्यांना एस.टी.त गाडी लागते असे लोक आणि सिगारेट न ओढणारे यांना ती जास्त होते. (सिगारेटचा हा एकच फायदा, त्यासाठी सुरू करू नका!) आधी सांगितलं तर त्यावर औषध देता येतं. ऑपरेशन चालू असताना जाग येणं ही सिनेमात दाखवतात ती भीती खरी आहे पण विरळा. ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ सालच्या पाहणीत सुमारे १९,००० भुलींमागे एकाने तसं सांगितलं. त्यातही स्नायू सैल करणारं औषध वापरलं होतं तिथे ते कितीतरी जास्त. म्हणजे क्युरारेने उघडलेलं दार अजून पुरतं बंद झालेलं नाही.

म्हाताऱ्या माणसांचं मात्र जपून सांगायला हवं. ऑपरेशननंतर आजोबा रात्री भलतंच बोलतात, मुलाला ओळखत नाहीत, सलाइन उपसतात. घरचे घाबरतात आणि म्हणतात, भुलीने डोक्यावर परिणाम झाला. हा भ्रम खरा असतो, आणि बहुधा काही दिवसांत उतरतो. १९९८ सालच्या एका मोठ्या अभ्यासात साठीपुढच्या रुग्णांच्या स्मृतीच्या चाचण्या घेतल्या. आठवड्यानंतर सुमारे चौथा हिस्सा रुग्ण मागे पडले होते, तीन महिन्यांनी दहातला एक. पण हे सगळं भुलीच्या माथी मारता येत नाही. २०२१ साली छापलेल्या एका अभ्यासात खुब्याचं हाड मोडलेल्या १,६०० रुग्णांचे दोन गट केले, निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना कमरेतलं इंजेक्शन. भ्रमाचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, पाचांतला एक. म्हणजे "पूर्ण भूल नको, कमरेतच द्या, म्हणजे डोकं शाबूत राहील" या आग्रहाला फारसा आधार नाही. ऑपरेशनचा ताण, दुखणं, मोडलेली झोप, अनोळखी खोली हे सगळं त्यात असतं. चष्मा, श्रवणयंत्र आणि ओळखीचा चेहरा जवळ असणं याचा उपयोग होतो. ते काम नातेवाइकांचं.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी काढली. तिच्या मागे होते डॉ. अतुल गावंडे, ज्यांचे वडील आपल्याकडच्या उटी गावचे. यादीत काय आहे? रुग्णाचं नाव काय, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, ॲलर्जी आहे का, पल्स ऑक्सिमीटर लावला का आणि चालू आहे का. इतकं बाळबोध. आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ साली छापून आलं. बी-१७ च्या दांड्यावरचं रबरी चाक आणि ही यादी एकाच जातीच्या गोष्टी आहेत. दोन्ही हे गृहीत धरतात की हुशार माणूसही दमतो आणि चुकतो.

आपल्याकडे ऑपरेशन ठरलं की सर्जनची चौकशी चार ठिकाणी होते. हात चांगला आहे का, किती ऑपरेशनं केली, फी किती. भूल कोण देणार हे बहुतेकांना डिस्चार्जच्या बिलावर कळतं. तेव्हा घरात कोणाचं ऑपरेशन असेल तर आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायचंय असा आग्रह धरा. शस्त्रक्रिया संपेपर्यंत ते पूर्ण वेळ खोलीत असतील ना, कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आहे ना, नंतर शुद्धीवर येईपर्यंत लक्ष कोण ठेवणार, हे नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. आणि आपल्याकडचं सगळं सांगा: चालू असलेली औषधं (आयुर्वेदिकसुद्धा), हलणारा दात, रात्री घोरताना श्वास अडकतो का, आधीच्या भुलीत काय झालं होतं, नात्यात कोणाला काय झालं होतं. मेलबर्नच्या त्या मुलाने सांगितलं होतं, म्हणून तो वाचला.